भोपळा

मेट्रनबाईंनी नियम फळ्यावर लिहिला,
औषधांच्या इंडेंटखाली, त्याच करड्या अक्षरात:
घरातली नको झालेली वस्तू आणावी.
विकतची चालणार नाही.
कागदात गुंडाळावी. नाव घालू नये.

नाताळ तीन दिवसांवर
आणि मी लेट ड्युटी करून आलेली,
माळ्याखाली स्टूल लावून उभी.
नको झालेलं शोधायला हात घातला की कळतं
घर निम्मं 'असू दे'वर उभं आहे.

लेमन सेट. ग्लास पाच; सहावा धाकटीच्या बारशात गेला.
द्यायला हरकत नव्हती, पण तो दिला होता मार्थानं
आणि मार्था तिथंच समोर बसणार.
पतसंस्थेचं घड्याळ. संस्था बुडाली, घड्याळ चालतंय.
महापुरात वाटलेलं ब्लँकेट, घडीसुद्धा न मोडलेलं.
त्याला नको झालं म्हणायला
जीभ रेटेना.

मग भोपळा.
दस्तगीरचाचांनी दिलेला,
चाचींना एकवीस दिवस घरी जाऊन इंजेक्शनं दिली त्याबद्दल.
पैसे नाहीत, सिस्टर, म्हणाले,
हा मंगळवेढ्याकडचा, चांगल्या घराण्यातला,
तंबोऱ्याला कापला आणि काठाशी तडकला.
आता ह्याला कोण विचारतंय.
नऊ वर्षं मी त्यात कांदे ठेवते.

गोल वस्तू कागदात बसत नाही.
एकीकडे दाबावं तर दुसरीकडे फुगते.
शेवटी ड्रेसिंगच्या पट्टीनं बांधला,
डोक्याला मार लागलेल्या पेशंटसारखा,
आणि रिक्षात मांडीवर घेऊन गेले.

किडनी ट्रेमध्ये चिठ्ठ्या.
मला सतरा. म्हणजे सगळ्यात शेवटी.
आवडलं तर आधीच्याचं उचलून घ्यायचं,
हा पोटनियम एलीशिबाचा; ती वसईला शिकून आली.

भोपळा निघाला शांतवनच्या हाती.
सगळे हसले. कांद्याचा वास आला.
मीही हसले, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी.
तो एक्स-रेतला मुलगा, त्याला मुळात कमी बोलायची सवय,
त्यानं नुसतं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं.

ठं नाही. ठक नाही.
विहिरीत कुणी हाक मारावी आणि
तिनं जरा विचार करून ओ द्यावी, तसं काहीतरी.

खोली गप्प झाली. लगेच परत बोलायला लागली,
पण नववा नंबर एलीशिबाचा होता
आणि तिनं नवं कोरं सँडविच टोस्टर सोडून
भोपळा उचलला. तिनंही वाजवला.
अकराव्यानं तिच्याकडून घेतला.
चौदा नंबरला मार्था; ती तर कानच लावून बसली,
बाळाचे ठोके ऐकतात तशी,
आणि म्हणाली, कुणी आणलाय गं हा?
देणाऱ्याला अक्कल नाही.

मी नऊ वर्षांत
एकदाही वाजवला नव्हता.
कांदे काढायचे, कांदे टाकायचे.

सोळा झाले. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
टेबलावर उरलेलं एक पुडकं, चौकोनी, जड,
बहुतेक बायबल ठेवायचं लाकडी स्टँड,
मला खरंच हवं असलेलं.

मी उठले आणि मार्थाच्या मांडीवरून
भोपळा उचलला.
तिनं धरून ठेवला होता. जरा ओढावा लागला.
अहो सिस्टर, म्हणाली, तुम्ही कधी कशाला हात लावत नाही
आणि आज?
मी म्हटलं, आज.
पुडकं तिला गेलं. खरंच स्टँड निघालं.

घरी आले तेव्हा पावणेअकरा.
कांदे फरशीवर पसरलेले, दोन कोंब फुटलेले.
चूल पेटवायच्या आधी मी दिवा न लावता
काठाशी, तडकलेल्या जागेच्या जवळ,
हळूच पेर टेकवलं.

तिथं आवाज फाटतो. जरा बाजूला सरकलं की नाही फाटत.
दोन्ही ऐकून घेतलं.

मग कांदे आत टाकले.
ठेवणार तरी कुठं.